मुक्तद्वार

आमच्या वाचनालयाच्या दारावर एक पाटी होती. ‘मुक्तद्वार वाचन विभाग. सर्वांसाठी मोफत.’ ही पाटी मीच रंगवली, १९७९ साली, मारुतीच्या देवळाच्या ओवरीत बसून. ग्रंथपाल होऊन मला आठच दिवस झाले होते. पगार महिना ६० रुपये, तोही अनुदानाचा हप्ता आला की, म्हणजे वर्षातून दोनदा. वडील म्हणायचे, “पोरं पुस्तक नेत्यात, पोरंच आणून देत्यात. मधी तू कशाला?”

त्या ‘मधी’चं उत्तर सापडायला मला बरीच वर्षं लागली. तेच इथं सांगतो.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगराला टेकलेलं. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. दिवाळी झाली की अर्धं गाव उसाच्या फडावर जातं, ते उन्हाळा लागल्यावर परत येतं. रत्नागिरीला वाचनालय निघालं १८२८ साली, नाशिकला १८४० साली, पुण्याला १८४८ साली. आमच्याकडं पुस्तकांचं पहिलं कपाट आलं ते १९७१ मध्ये. आम्ही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. वरच्या शाळेत शिकायचं तर उर्दूतून, महसुलाचे कागद उर्दूत. मराठी वाचनालय काढायचं म्हटलं तरी त्या काळी सरकारची नजर असायची, असं म्हातारी माणसं सांगायची.

पुढं महाराष्ट्र झाला. १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, १ मे १९६८ पासून लागू झाला. त्यामुळं खेड्यातल्या लहान वाचनालयालाही मान्यता आणि अनुदान मिळायची सोय झाली. आमच्या गावातल्या दोन गुरुजींनी घरोघर फिरून वर्गणी केली, देवळाची ओवरी मागून घेतली आणि वाचनालय सुरू केलं. त्यांचे उपकार आहेतच. पण ओवरीची जागा घेताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही, आणि पहिली दोन वर्षं माझ्याही आली नाही.

ती ध्यानात आणून दिली एका पोरानं. तो दलित वस्तीतला, तालुक्याला कॉलेजात शिकणारा. एस.टी.च्या थांब्यावर भेटला. मी म्हणालो, “अरे, वाचनालयात येत जा की. रोज पेपर येतो.” तो म्हणाला, “भाऊ, दार उघडं हाय म्हणता, ते खरं. पण दारापर्यंतची वाट कुठून जाती ते बगा की.”

मी घरी आलो आणि सभासदांची नोंदवही काढली. ५८ सभासद होते. सगळे पुरुष. सगळे गावठाणातले, त्यातले बहुतेक चार गल्ल्यांतले. वस्तीतलं एक नाव नाही. तांड्यावरचं नाही. मोमीन-अत्तारांचं नाही. बाई एकही नाही. देवळाच्या पारावर दिवसभर माणसं बसलेली असायची, त्यांच्यासमोरून ओवरीत शिरायचं. कोणी कुणाला अडवत नव्हतं हे खरं. पण कुणी यायचं नाही हे सगळ्यांना न सांगता ठाऊक होतं. पाटी मी सुबक रंगवली होती, पण ती वाचायला जो पारापर्यंत येऊ शकतो त्याच्यासाठीच ती होती.

जागा बदलायचा विषय मी समितीपुढं मांडला. “देवाच्या आश्रयानं चाललंय, कशाला मोडता?” असं म्हणून तो दोनदा बाजूला ठेवला गेला. तिसऱ्या वर्षी पावसात ओवरी गळाली, शंभरेक पुस्तकं भिजली, तेव्हा कुठं ठराव झाला. १९८३ मध्ये आम्ही एस.टी.च्या थांब्याजवळ ग्रामपंचायतीच्या जुन्या गोदामात गेलो. पत्र्याचं छप्पर, उन्हाळ्यात भट्टी. पण रस्त्यावरची जागा. तिथं कुणीही थांबलं तर ‘गाडीची वाट बघतोय’ म्हणता येतं. महिन्याभरात वस्तीतली पाच-सहा पोरं येऊ लागली. थांब्यावरचं ते पोरगं पहिल्या दिवशी आलं, खुर्चीत बसलं, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि काही न बोलता गेलं. दुसऱ्या दिवशी परत आलं.

पुस्तक घरी न्यायचं तर अनामत पाच रुपये किंवा सभासदाचा जामीन. पाच रुपये तेव्हा मजुराच्या घरात मोठे. मग मीच जामीन राहायला लागलो. एका वेळी ४० जणांचा जामीन मी एकटा होतो. कार्यवाह म्हणाले, “तुमच्या पगारात हे बसतं का?” बसत नव्हतं.

बायकांचा प्रश्न माझ्या बायकोनं सोडवला. तिला शिलाई यायची. कपडे शिवायला आलेल्या बायकांना ती विचारायची, काय वाचणार? पिशवीत झंपर आणि झंपराखाली पुस्तक. नोंदवहीत त्यांच्या नवऱ्यांची नावं असायची. एकदा एका गृहस्थानं मला पारावर गाठून विचारलं, “माझ्या नावावर सहा कादंबऱ्या कशा?” मी म्हणालो, “तुमच्या घरात वाचणारं माणूस हाय, नशीब समजा.” तो हसला नाही, पण पुस्तकं बंदही केली नाहीत. पुढच्या वर्षापासून मी बायकांची नावं त्यांच्याच नावानं लिहायला लागलो.

उर्दूचा किस्सा वेगळा. गावात सात-आठ म्हातारे उर्दू वाचणारे होते. सगळे मुसलमान होते असं नाही. निजामाच्या शाळेत शिकलेले दोन पाटील आणि एक ब्राह्मणही त्यात होते. हैदराबादचा ‘सियासत’ टपालानं मागवावा असं मी सुचवलं. समितीत कुरकुर झाली, “मराठी वाचनालयात उर्दू कशाला?” शेवटी एका अत्तारचाचांनी आणि एका पाटील आजोबांनी वर्गणी निम्मी-निम्मी भरली. पेपर दोन दिवस शिळा यायचा. दोघं शेजारी बसून वाचायचे, एकाच चष्म्यानं, आळीपाळीनं.

त्याचा फायदा पुढं सगळ्या गावाला झाला. जमिनीच्या भांडणात जुने निजामकाळाचे कागद निघायचे. घरात ते लुगड्याच्या घडीत जपलेले, पण वाचता कुणालाच येत नसत. लोक ते घेऊन वाचनालयात यायला लागले. चाचा वाचायचे, मी मराठीत लिहून घ्यायचो. कोर्टात तो कागद चालत नसे, पण आपल्या आज्याच्या नावावर नेमकं काय होतं हे माणसाला पहिल्यांदा कळायचं. एक म्हातारी तर नुसतं नवऱ्याचं नाव कागदावर कुठं आहे ते दाखवा म्हणाली. दाखवल्यावर त्यावर बोट ठेवून बराच वेळ बसली.

तेव्हापासून लोक पुस्तकांपेक्षा प्रश्न घेऊन जास्त यायला लागले. रोजगार हमीचं काम मागायचा नमुना ४ चा अर्ज मी गठ्ठ्यानं ठेवायचो. कायदा १९७७ चा. अर्ज दिल्यावर १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता, हे त्यात लिहिलेलं. पण तारखेची पोच घेतली नाही तर १५ दिवस मोजायचे कुठून? मी प्रत्येकाला एवढंच सांगायचो, “अर्ज देऊ नका, पोच घ्या.” यावरून चावडीत माझं नाव ‘पोचवाला’ पडलं होतं. २००५ मध्ये माहितीचा अधिकार आला, तेव्हा आमच्या गावाला त्यातलं अर्धं आधीच ठाऊक होतं.

आता पेटीची गोष्ट. ती सांगायची म्हणून तर लिहायला बसलो.

१९८७ ची दिवाळी. तांड्यावरची एक पोरगी यायची, पाचवीतली. घरी गोरमाटी बोलायची, मराठी वाचायची बोट ठेवून, पण सोडायची नाही. एक दिवस म्हणाली, “काका, उद्या गाडी हाय. याडी-बापूसंग फडावर. पुस्तक नेऊ का?” नियम सात दिवसांचा. ती येणार एप्रिलात. मी म्हणालो, ने. तिनं विचारलं, “अजून कुणी मागितलं तर?”

रात्री झोप आली नाही. त्या तांड्यावरून आणि वस्तीतून वीसेक पोरं चालली होती. ग्रंथपालनाच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं की बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कौळाण्याच्या शेतकऱ्याच्या पोरानं, १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणून राज्यभर ग्रंथालयं उभी केली आणि खेड्यापाड्यात लाकडी पेट्यांतून पुस्तकं फिरवली. रंगनाथनांचे पाच सिद्धांत १९३१ चे. त्याच वर्षी तिकडं तंजावरच्या बाजूला मन्नारगुडीला बैलगाडीवर फिरतं ग्रंथालय सुरू झालं. परीक्षेत यावर मला चांगले मार्क पडले होते. आणि इथं माझ्या डोळ्यांदेखत बैलगाड्या भरून चालल्या होत्या, त्यात भांडी होती, ज्वारी होती, कोंबड्या होत्या.

सकाळी पत्र्याची एक पेटी आणली. ३६ पुस्तकं भरली. टोळीच्या मुकादमाला म्हणालो, “ही तुमच्या गाडीत राहू द्या.” तो म्हणाला, “भाऊ, मी कोयते मोजून नेतो, पुस्तकं कोण मोजणार?” मी त्या पोरीला यादी दिली. ती मोजणार होती.

एप्रिलात पेटी परत आली. २५ पुस्तकं होती. पानांत पाचटाचा चुरा, चुलीची काजळी, एकात खूण म्हणून उसाचं वाळलेलं पान. काहींची कव्हरं गेलेली. यादीवर पोरीनं रेघा मारल्या होत्या, कोणतं कुणी वाचलं त्याच्या. एका पुस्तकापुढं नऊ रेघा होत्या. ओवरीत ते पुस्तक आठ वर्षांत तिघांनी नेलं होतं.

पुढच्याच महिन्यात तपासणी. अकरा पुस्तकं कमी. ‘नियमबाह्य देवघेव’ असा शेरा पडला, अनुदानाचा दुसरा हप्ता अडकला, समितीनं मला उभं केलं. मी काही भाषण केलं नाही. यादी पुढं ठेवली आणि अकरा पुस्तकांची किंमत पगारातून कापा म्हणालो. सात महिने कापली. बायको तेव्हा म्हणाली, “कापू द्या. पण दिवाळीला पेटी जाईल ना?” गेली. मी होतो तोवर दर वर्षी गेली. पुढं दोनाच्या पाच पेट्या झाल्या.

त्या पोरीचं काय झालं? मला आनंदाची गोष्ट सांगता आली असती तर बरं झालं असतं. तीन हंगाम तिनं पेटी सांभाळली. चौथ्या वर्षी फडावरच तिचं लग्न ठरलं, पंधरा वर्षांची असेल. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे उचल जास्त मिळते. ती कर्नाटकाकडं गेली. पेटी तिच्या भावानं आणून दिली. एक पुस्तक कमी होतं. भाऊ म्हणाला, “ते तिनं नेलंय. काकाला सांग म्हणाली, मोजून नेलंय.”

नोंदवहीत ते पुस्तक तसंच राहिलं. दाखल अंक ४१२. दिल्याची तारीख आहे, परत आल्याची नाही. वर्षातून एकदा पुस्तकं मोजताना ते समोर यायचं. ‘गहाळ’ लिहून निर्लेखित करायची सोय होती. मी केलं नाही.

२०१४ मध्ये चार्ज दिला तेव्हा नव्या ग्रंथपाल मुलीनं त्या ओळीवर बोट ठेवलं, “सर, हे काय लिहू?” ही मुलगी त्याच वस्तीतली, ग्रंथपालन शिकलेली. मी तिला सगळं सांगितलं. वडिलांचा ‘मधी तू कशाला’ हा प्रश्नही सांगितला. ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं रकान्यात लिहिलं, ‘वाचकाकडे आहे’, आणि खाली तारखेसह सही केली.