धोतरा: दम्याचे औषध आणि मुलांची विषबाधा

सातारा-सांगलीकडच्या गावांत उकिरड्यावर, पडीक जागेत, कधी शाळेच्या कुंपणालगत धोतरा उगवतो. त्याचे फूल महादेवाला वाहतात, म्हणून मुले त्याला ओळखतात. त्याच्या काटेरी बोंडातले बी मात्र विषारी असते. आणि याच झाडाची वाळलेली पाने जाळून दमेकऱ्याने धूर ओढायचा, हा आपल्याकडचा जुना उपाय! आयुर्वेदातल्या कनकासवातही धोतरा असतो. १८०२ च्या सुमारास हा उपाय मद्रासहून ब्रिटनमध्ये गेला. पुढे शंभराहून अधिक वर्षे युरोपात दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या.

विष आणि औषध एकाच झाडात कसे, असे विद्यार्थी आम्हाला विचारतात. वास्तविक दोन्ही परिणामांचे कारण एकच आहे. ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या संदेशामुळे श्वासनलिकेचे स्नायू आवळतात. धोतऱ्यातील ॲट्रोपीनसारखी द्रव्ये हा संदेश अडवतात, त्यामुळे नळी सैलावते. पण हाच संदेश लाळग्रंथी, डोळ्याची बाहुली, हृदय, मूत्राशय आणि मेंदू यांनाही लागतो. तो तिथे अडला की तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, अंग तापते, नाडी धावते, लघवी तुंबते आणि मूल बरळू लागते. शिवाय बियांतील विषाचे प्रमाण झाडागणिक बदलते. तेव्हा ‘चिमूटभर’ या मापावर भरवसा कसा ठेवणार?

याच्या उताऱ्याची गोष्ट प्रागमधली. तिथे १८६४ मध्ये क्लाइनवेख्टर या डॉक्टरांनी ॲट्रोपीनची बाधा झालेल्या कैद्याला आफ्रिकेतील कॅलाबार बीचा अर्क दिला. त्यातील फायसोस्टिग्मीनमुळे ॲसिटिलकोलीनचे विघटन थांबते. ते साठत जाते आणि संदेश पुन्हा पोहोचू लागतो. आजही निवडक रुग्णांना, हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवून, हे औषध देतात. बाकी बहुतेकांना सक्रिय कोळसा, झटके व तडफड शमवणारी औषधे आणि अंग थंड ठेवणे यांवर निभावून नेता येते. शाळेत असे घडल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. गुंगीत ती फुफ्फुसात जाते. बोंड सोबत घेऊन मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

१९७० च्या दशकात इप्राट्रोपियम आले. रसायनज्ञांनी ॲट्रोपीनच्या रेणूतील नायट्रोजनला आणखी एक गट जोडून त्यावर कायमचा धनभार आणला. असा रेणू फुफ्फुसातून रक्तात फारसा शिरत नाही, मेंदूत तर जवळजवळ नाहीच. दम्याच्या तीव्र झटक्यात मुलांना ते सालब्युटामॉलसोबत वाफाऱ्यातून देतात. मुखवटा सैल बसला आणि फवारा एका डोळ्यात गेला, तर तेवढी एकच बाहुली मोठी होते, आणि कारण ठाऊक नसलेला डॉक्टर मेंदूचा आजार शोधू लागतो.