शंकू मोजणारी माणसं

अमेरिकेतल्या आमच्या नातलगांनी यलोस्टोनचे फोटो पाठवले होते. डोंगरमाथ्यावर हिरव्याच्या मधोमध राखाडी झाडांचे पट्टेच्या पट्टे. वणवा लागला होता का, असं विचारलं, तर म्हणे नाही, भुंगेऱ्यांचं काम. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचतोय. शाळेत राजे, लढाया, तह पुष्कळ शिकवले. झाडाची फळं मोजत बसणाऱ्या माणसांचा इतिहास मात्र पाठ्यपुस्तकात नव्हता. तो आज सांगतो.

यलोस्टोनच्या उंच भागात व्हाइटबार्क पाइन नावाचं झाड वाढतं. त्याचा शंकू पिकला तरी आपणहून उघडत नाही. क्लार्क्स नटक्रॅकर हा कावळ्याच्या कुळातला पक्षी तो चोचीने फोडतो आणि बिया जमिनीत पुरून ठेवतो. राहून गेलेल्या बियांतून नवी झाडं येतात. लाल खारी शंकूंचे ढीग साठवतात आणि हिवाळ्यापूर्वी अंगावर चरबी चढवायला निघालेली ग्रिझली अस्वलं ते ढीग लुटतात. शंकू भरपूर असले की अस्वल उंचावरच रमतं. कमी आले की खाली माणसांकडे उतरतं आणि बऱ्याचदा जीव गमावतं.

या अस्वलांचा पद्धतशीर अभ्यास फ्रँक आणि जॉन क्रेगहेड या जुळ्या भावांनी १९५९ मध्ये सुरू केला. १९७३ मध्ये सरकारी अभ्यासगट नेमला गेला, १९७५ मध्ये अस्वलांना कायद्याचं संरक्षण मिळालं आणि १९८० पासून शंकूंची मोजणी सुरू झाली. काम अगदी साधं. उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये, डोंगर चढायचा. खुणेच्या दहा झाडांच्या ओळीपाशी जायचं. दुर्बिणीतून शंकू मोजून आकडा लिहायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तीच झाडं. झाड मेलं, तर तीही नोंद.

आणि झाडं मरू लागली. तांदळाच्या दाण्याएवढा भुंगेरा सालीखाली अंडी घालतो. उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी त्याच्या अळ्या मारते, पण हिवाळे सौम्य होत गेले. सुया आधी तांबड्या झाल्या, मग गळून झाड राखाडी झालं. २००२ नंतरच्या दहा-बारा वर्षांत मोजणीतली सुमारे तीन चतुर्थांश मोठी झाडं गेली.

२००७ मध्ये सरकारने अस्वलांचं संरक्षण काढलं. २००९ मध्ये न्यायालयाने ते परत दिलं. पाइन नाहीसा होण्याचा अस्वलांवर काय परिणाम होईल याचा पुरेसा विचार झालेला नाही, हे त्यातलं एक कारण. २०११ मध्ये वरच्या न्यायालयानेही हा मुद्दा मान्य केला. इतक्या वर्षांच्या उन्हाळी नोंदी अशा कोर्टात उभ्या राहिल्या.

पण खरी गंमत पुढेच आहे. २०१३ मध्ये त्याच अभ्यासगटाने सांगितलं की अस्वलांनी दुसरं अन्न शोधलंय. त्यांच्या अंगावरची चरबी घटलेली दिसत नाही. आधी ज्यांना नोंदींचा आधार वाटला होता, त्यातल्या अनेकांना हे रुचलं नाही. वाद झाले. २०१७ मध्ये संरक्षण पुन्हा निघालं, २०१८ मध्ये न्यायालयाने पुन्हा दिलं. पाइन मात्र सावरला नाही. त्याला एक परकी बुरशीही ग्रासते आहे. २०२२ च्या डिसेंबरात त्या झाडालाच संकटग्रस्त म्हणून संरक्षण द्यावं लागलं.

मला मोलाची वाटते ती ही गोष्ट. एकाच चमूचं काम एकदा या बाजूला उपयोगी पडलं, एकदा त्या. दुर्बीण लावून उभ्या राहिलेल्या माणसाने कुणाची बाजू मनात धरून शंकू मोजले असते, तर दोन्ही वेळा त्या वहीला किंमत उरली नसती. इतिहासाची साधनं म्हणतात ती हीच. बखरीत मोठ्यांची मर्जी शिरते, रोजच्या हिशेबाच्या वहीत तिला फारशी जागा नसते.

तुमच्यापैकी कुणी पावसाची, आंब्याच्या मोहोराची अशी वर्षानुवर्षं नोंद ठेवत असेल, तर ती वही रद्दीत घालू नका.