अलिबाग परिसरातील पर्यटन

अलिबाग हे महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्याचे मुख्यालय असून मुंबईच्या दक्षिणेस अरबी समुद्राच्या काठी वसले आहे. तालुक्यातील मांडवा, सासवणे, आवास आणि किहीम या पट्ट्यात मुंबईतील धनिकांचे बंगले व महागडी विश्रामस्थाने आहेत. तथापि येथील बहुतेक प्रेक्षणीय स्थळे सर्वांना अल्प खर्चात पाहता येतात.

कुलाबा किल्ला

अलिबागच्या किनाऱ्यासमोर खडकावर उभ्या असलेल्या या किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांच्या काळात १६८० मध्ये सुरू झाले. पुढे तो आंग्रे घराण्याच्या आरमाराचे प्रमुख ठाणे बनला. आत सिद्धिविनायकाचे मंदिर व गोड्या पाण्याचा साठा आहे. ओहोटीच्या वेळी किल्ल्यापर्यंत चालत किंवा घोडागाडीने जाता येते. कोकणातील परंपरागत हिशेबाप्रमाणे तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. तीत सहा तास मिळवले की ओहोटीची वेळ येते. उदाहरणार्थ, अष्टमीस सहाच्या सुमारास भरती व बाराच्या सुमारास ओहोटी असते. हा हिशेब स्थूल असल्याने निघण्यापूर्वी स्थानिकांकडून खात्री करून घेणे आवश्यक ठरते. पाणी वाढू लागताच परतीची वाट बंद होते आणि पुढील ओहोटीपर्यंत किल्ल्यातच थांबावे लागते. भरतीच्या पाण्यातून चालत परतण्याचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो.

इतर स्थळे

* अलिबाग शहर : सरखेल कान्होजी आंग्रे (निधन १७२९) यांची समाधी. येथील चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून कार्यरत आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असल्याने कुलाबा येथील वेधशाळेच्या नोंदींत व्यत्यय येईल, म्हणून ती येथे हलविण्यात आली.
* अक्षी : येथील शिलाहारकालीन शिलालेखाचा काळ अनेक अभ्यासक शके ९३४ (इ.स. १०१२) असा मानतात. मराठीतील सर्वांत जुन्या ज्ञात शिलालेखांत त्याची गणना होते.
* किहीम : पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास येथे केला.
* सासवणे : शिल्पकार नानासाहेब करमरकर यांचे शिल्पसंग्रहालय.
* कनकेश्वर : डोंगरावरील शिवमंदिर, सातशेहून अधिक पायऱ्या चढून जावे लागते.
* चौल, रेवदंडा व कोर्लई : प्राचीन बंदर व पोर्तुगीजकालीन तटबंदी. कोर्लई गावात पोर्तुगीजपासून घडलेली मिश्र बोली आजही बोलली जाते.

जाण्याचा मार्ग

गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्यास लाँचने सुमारे तासाभरात पोहोचता येते. पावसाळ्यात ही सेवा बंद असते. भाऊचा धक्का ते मांडवा ही वाहनांसह प्रवास करता येणारी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. रस्त्याने पेण व वडखळमार्गे जाता येते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने पाण्यात उतरणे धोक्याचे असते.