सेनेटर म्युरिएल फर्ग्युसन

सेनेट हे कॅनडाच्या संसदेचे वरिष्ठ सभागृह. १९२८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की सेनेटवर नेमावयाच्या 'व्यक्तीं'मध्ये स्त्री मोडत नाही! लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८ ऑक्टोबर १९२९ रोजी तो फिरविला. इतिहासाची पुस्तके बहुधा येथेच थांबतात. मला मात्र पुढची हकीकत आपणा भगिनींना सांगावीशी वाटते.

न्यू ब्रन्सविक प्रांतातील म्युरिएल फर्ग्युसन १९२५ साली वकील झाल्या. यजमान आजारी पडले तेव्हा त्यांचे वकिलीचे काम बाईंनी अंगावर घेतले. १९४२ मध्ये वैधव्य आले. पुढे कुटुंब-भत्ता खात्याच्या प्रांतिक संचालकाची जागा निघाली. अर्ज मात्र पुरुषांनीच करावयाचे! मुलांच्या पोषणासाठी आईच्या हाती दरमहा पैसे देणारे खाते ते, आणि त्यावर म्हणे पुरुषच हवा! बाई स्वतः कायदा जाणणाऱ्या, तरी एकट्या भांडत बसल्या नाहीत. स्त्रियांच्या संस्थांनी आवाज उठविला, अट गेली, आणि १९४७ साली ती जागा बाईंनाच मिळाली.

फ्रेडरिक्टन शहरात मिळकत नसलेल्या स्त्रियांना नगरपालिकेसाठी मत देता येत नसे. त्यासाठीही त्या झगडल्या, मत मिळविले, आणि १९५० साली त्या पालिकेवर पहिली स्त्री सभासद म्हणून निवडून आल्या. १९५३ मध्ये सेनेटवर नेमणूक झाली. डिसेंबर १९७२ मध्ये त्याच सेनेटच्या अध्यक्षस्थानी प्रथमच एक स्त्री बसली, ती म्हणजे म्युरिएलबाई.