क्वीअर आझादी मुंबई

क्वीअर आझादी मुंबई ही समलिंगी, उभयलिंगी व पारलिंगी व्यक्ती आणि त्यांचे समर्थक यांची मुंबईतील अभिमान पदयात्रा आहे. पहिली यात्रा १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदान (गोवालिया टँक) ते गिरगाव चौपाटी अशी निघाली. पुढे ती साधारणतः जानेवारीच्या अखेरीस वा फेब्रुवारीच्या प्रारंभी भरू लागली.

पार्श्वभूमी

१८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ अन्वये समलिंगी संबंध गुन्हा ठरत. पत्रकार अशोक राव कवी यांनी १९८० च्या दशकात आपली लैंगिकता जाहीरपणे सांगितली. १९९० मध्ये त्यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले व १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट'ची स्थापना झाली.

स्थळाचे औचित्य

गोवालिया टँक येथे ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'छोडो भारत'चा पुकारा झाला होता. मूळ कायदा ब्रिटिशांचा असल्याने ब्रिटिश सरकारने क्षमा मागावी, अशी मागणी पहिल्या यात्रेत करण्यात आली.

मुखवटे आणि कुटुंब

आरंभीच्या यात्रांत अनेकांनी मुखवटे घातले होते. छायाचित्र छापून आल्यास घर, नोकरी वा भाड्याची खोली गमावण्याची भीती त्यामागे होती. गिरगाव-लालबागच्या चाळींत सामाईक गॅलरीमुळे खाजगीपण दुर्मीळ असते; त्यामुळे एकाला सांगितलेली गोष्ट मजलाभर होण्याचा धोका असतो. लग्नासाठी होणारा आग्रह, 'लोक काय म्हणतील' ही पालकांची चिंता आणि समलिंगीपणा हा आजार असल्याचा गैरसमज हे समलिंगीद्वेषाचे घरगुती आविष्कार होत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या सूचीतून वगळली आहे. पालकांना परस्परांशी बोलता यावे यासाठी मुंबईत 'स्वीकार' हा पालकांचा गट कार्यरत आहे.

कायद्यातील स्थित्यंतरे

दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांमधील संमतीचे खाजगी संबंध गुन्ह्यातून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय फिरवला आणि मधल्या काळात उघडपणे वावरू लागलेल्या व्यक्ती पुन्हा कायद्याच्या कक्षेत आल्या. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने असे संबंध गुन्हा नसल्याचा निर्वाळा दिला. समलिंगी विवाहास मान्यता देण्यास मात्र न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. त्यामुळे जोडीदारास पती वा पत्नी म्हणून मिळणारे वारसा आदी कायदेशीर हक्क अद्याप प्राप्त नाहीत.

२०२० चा मेळावा

२०२० साली पोलिसांनी ऑगस्ट क्रांती मैदानावरून पदयात्रेस परवानगी नाकारल्याने १ फेब्रुवारी रोजी आझाद मैदानात मेळावा घेण्यात आला.