वरून तिसरी ओळ

"जमालपूरची एक गोळी बंदुकीतनं नाय आली पोरांनो, कागदात गुंडाळून आली." दर १६ डिसेंबरला, विजय दिवशी, शाळेच्या पटांगणात सुभेदार आजोबा इथूनच सुरुवात करायचे. ते पहिल्या मराठा बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे. साताऱ्याकडच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. विजय दिवस आमच्या घरातलाच होता.

डिसेंबर १९७१, पाकिस्तानशी युद्ध. आजच्या बांगलादेशात पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला गेली आणि ढाक्याचा रस्ता अडवून बसली. शहरात पाकिस्तानच्या बलुच रेजिमेंटची पलटण कोंडली गेली. आपल्या बाजूचे ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी मुक्तिवाहिनीच्या एका माणसाबरोबर पत्र धाडलं, शरण या म्हणून. बलुचांचे लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तरासोबत एक गोळी पाठवली. लेखणी सोडा, स्टेनगन घेऊन या, अशा अर्थाचं ते उत्तर. १० डिसेंबरच्या रात्री बलुच शहर सोडून निघाले, ते थेट मराठ्यांच्या मोर्चांवर आले. आजोबा इथे आवाज चढवत नसत. अंधारात नुसती पावलं ऐकू येतायत, बोट घोड्यावर आहे, पण अगदी जवळ आल्याशिवाय गोळी झाडायची नाही, असा हुकूम. ते सांगताना त्यांचं उजवं बोट आपोआप वाकायचं.

११ तारखेला जमालपूर पडलं. त्याच दिवशी टांगाईलला छत्रीधारी २ पॅरा उतरली. तीही मूळची मराठा पलटणच. १६ ला ढाक्यात सर्वांत आधी शिरली ती हीच. त्या संध्याकाळी रमना रेसकोर्सवर भारताच्या जनरल अरोरांसमोर पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी शरणपत्रावर सही केली. सुमारे ९३ हजार युद्धकैद्यांचा आकडा आम्हाला परीक्षेसाठी पाठ होता. जमालपूर मात्र आमच्या धड्यात कुठेच नव्हतं, आणि ते मला आजही खटकतं.

मग आजोबा शाळेच्या भिंतीत बसवलेल्या, गावच्या शहिदांची नावं कोरलेल्या दगडाकडे वळायचे. त्या काळी पडलेल्या जवानाचं पार्थिव सहसा गावी येत नसे. अंत्यसंस्कार तिकडेच उरकत. तिरंग्यातली पेटी घरोघरी पोहोचू लागली ती १९९९ च्या कारगिलपासून. एकाहत्तरात आधी तार यायची आणि मागाहून काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आत स्वेटर, दाढीचं सामान, घरनंच गेलेली पत्रं. ज्या आईनं लेकाचं तोंडही पाहिलं नाही, तिला जाऊन बसायला जागा म्हणजे शाळेतला तो दगड.

अशी एक आजी दरवर्षी यायची. तिला वाचता येत नव्हतं. वरून तिसरी ओळ आपली, एवढं ठाऊक होतं. हार घालण्याआधी ती पदरानं तेवढी ओळ पुसायची, मग हेडमास्तरांना म्हणायची, "गुरुजी, मोठ्यानं वाचा." गुरुजी वाचायचे, तेव्हा ती मान ताठ करून उभी राहायची.

आता काही शाळांत त्या दिवशी डीजे लागतो, सिनेमाच्या गाण्यांवर नाच बसवतात आणि नावं पाहुण्यांच्या सत्कारानंतर घाईनं उरकली जातात. मला ते सहन होत नाही. नावं आधी वाचा, सावकाश, वाडी-वस्तीसकट. एकाहत्तरचे जवान आता सत्तरी-ऐंशी ओलांडलेले आहेत. आठवी-नववीच्या मुलांना वह्या देऊन याच हिवाळ्यात त्यांच्या ओसरीवर पाठवा. खंदक किती खोल होता, जेवण कधी मिळालं, शेजारी कोण होता, सगळं विचारू द्या.