अल-राझींची वही आणि बिरवाडीचा विंचू

उर्दू शाळांच्या भिंतींवर एक तक्ता हमखास दिसतो: मुस्लिम शास्त्रज्ञ. इब्न सीना, अल-राझी, अल-जहरावी, इब्न अल-हैसम. मी रोह्यात उर्दू आणि मराठी शिकवतो. मुलांनी केलेला असा तक्ता पाहिला की एक प्रश्न हटकून विचारतो, "या लोकांनी नेमकं केलं काय?" मुलं किताबांची नावं धडाधड सांगतात. किताबात काय होतं, ते लिहिण्यासाठी माणूस रोज उठून काय करत होता, हे मात्र कुणी सांगत नाही. त्यात मुलांचा दोष नाही. जलशातल्या भाषणांत आपण मोठी माणसंही नावांच्या पुढे जात नाही.

अल-राझींचंच उदाहरण घेऊ. जन्म सुमारे ८६५, इराणातल्या रे शहरात. पुढे ते बगदादच्या बिमारिस्तानचे, म्हणजे रुग्णालयाचे प्रमुख झाले. 'किताब अल-हावी' हा त्यांचा प्रचंड ग्रंथ त्यांनी ग्रंथ म्हणून लिहिलेलाच नव्हता. आयुष्यभर त्यांनी वाचन आणि मरिजांच्या नोंदी लिहून ठेवल्या, आणि इंतकालानंतर शागिर्दांनी त्या एकत्र केल्या. त्यात एक नोंद फार महत्त्वाची आहे. सरसामची, म्हणजे मेंदूच्या दाहाची लक्षणं दिसणाऱ्या काही मरिजांचं रक्त त्यांनी काढलं आणि काहींचं मुद्दाम काढलं नाही. का? तर रक्त काढल्यानेच फरक पडतो की नाही, ते कळावं म्हणून. ज्याला आज क्लिनिकल संशोधन म्हणतात त्याचं बीज इथे आहे: मरिजाजवळ बसणं, जे दिसेल ते लिहिणं आणि उपाय न केलेल्याशी तुलना करणं.

हे काम बगदादमध्ये संपलं नाही. त्याचा एक मोठा धडा आपल्याच जिल्ह्यात लिहिला गेला, आणि तेव्हा जिल्ह्याचं नाव रायगड नव्हे, कुलाबा होतं.

१९७६ साली जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा एका शेतकरी घरातला तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. डॉ. हिंमतराव बावस्कर. तिथे त्यांना जे दिसलं ते कोकणातल्या माणसाला नवं नव्हतं. जांभ्याची भिंत, दगडी गडगा, कौलं, लाकूडफाटा, भाताचा पेंढा, जिथे म्हणून फट आहे तिथे विंचू. उन्हाळ्यात आणि भातकापणीच्या दिवसांत दंश जास्त. काळा मोठा विंचू दिसायला भयंकर, पण सहसा जीव घेत नाही. तांबडा लहान विंचू मात्र घेतो. मुलगा संध्याकाळी अंगणात खेळत असायचा आणि सकाळी घरात मय्यत असायची.

माझं आजोळ पेणजवळ. नानी विंचू उतरवायच्या. आगरी, कातकरी, मराठा, आपले लोक, सगळे त्यांच्याकडे यायचे. त्या पढून दम करायच्या, दंशावर हात फिरवायच्या आणि पैसा घ्यायच्या नाहीत. गावातला भगतही हेच करायचा, त्याचे शब्द तेवढे वेगळे. आणि बहुतेक वेळा विंचू 'उतरायचा'. यात फसवणूक नव्हती. बहुतेक दंशांत विषाचा परिणाम वेदनेपुरताच असतो, आणि काही तासांत ती आपोआप ओसरते. दम केला नसता तरी ओसरली असती. पण दम न केलेल्यांची नोंद कुणी ठेवत नव्हतं, आणि दम करूनही जे गेले ते अल्लाहच्या मर्जीने गेले म्हणून विसरले जात. अल-राझींनी मरिजांचा दुसरा गट कशासाठी ठेवला होता, ते इथे समजतं.

बावस्करांनी नोंद ठेवायला सुरुवात केली. ते रुग्णाच्या खाटेजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास, हातपायांची उष्णता पाहत आणि लिहून ठेवत. त्यातून चित्र स्पष्ट होत गेलं. ज्याला फक्त असह्य वेदना आहे, तो बहुधा वाचतो. ज्याला उलटी होते, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, नाडी बिघडते, तो धोक्यात आहे. पुरुषांत आणि लहान मुलग्यांत लिंग ताठ राहणं हेही असंच धोक्याचं लक्षण. लाजेखातर ते डॉक्टरपासून लपवू नये, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. पुढे काही तासांत फुप्फुसात पाणी साचतं, तोंडाला फेस येतो आणि हृदय थकतं. ही पूर्वसूचनेची लक्षणं सांगणारा त्यांचा लेख १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

आत घडतं काय? तांबड्या विंचवाचं विष मज्जातंतूंना सतत चेतवत ठेवतं. शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, आणि आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय हार मानतं. तेव्हा अ‍ॅट्रोपिन, स्टिरॉइड, अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं असे उपाय चालत. मूळ गाठ त्याने सुटत नव्हती. अ‍ॅट्रोपिनने तर आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी चाबूक बसायचा.

पुण्यात एमडी करून बावस्कर पुन्हा याच भागात परतले. शहरात दवाखाना टाकता आला असता, तरी त्यांनी महाड निवडलं. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध हवं, हे कळलं होतं. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइडचा उपयोग झाला, पण ते सलाइनमधून थेंब थेंब द्यावं लागतं आणि क्षणाक्षणाला रक्तदाब पाहावा लागतो. आडगावच्या केंद्रात ते कसं जमणार? मग प्राझोसिन आलं. उच्च रक्तदाबाची साधी, स्वस्त, पोटात घ्यायची गोळी. ती नेमकी त्याच जागी काम करते जिथे विषाने नळ्या आवळलेल्या असतात. गोळी दिल्यावर रुग्णाला आडवं ठेवायचं, कारण उठून उभं राहिल्यास रक्तदाब एकदम उतरू शकतो. एवढी काळजी कुठल्याही आरोग्य केंद्रात घेता येते. या उपचाराविषयी डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचं लेखन १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं. आधी तीव्र विषबाधेच्या शंभर रुग्णांतले सुमारे तीस दगावत. नंतर ही संख्या तीनच्याही खाली आली.

काम इथेच थांबलं असतं तरी मोठं होतं. पण विंचवाच्या विषावर प्रतिविष द्यावं की नाही, यावर जगभरात वाद होता. ट्युनिशियातल्या डॉक्टरांनी ८२५ रुग्णांवर तुलना करून १९९९ साली सांगितलं की सरसकट सगळ्यांना प्रतिविष देऊन फायदा दिसत नाही. पण विंचू वेगळा, विष वेगळं, प्रतिविष वेगळं. मग आपल्या तांबड्या विंचवाचं काय? बावस्कर दांपत्याने महाडमध्ये तीव्र लक्षणांच्या ७० रुग्णांचे ३५-३५चे दोन गट केले. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरच्या मर्जीवर ठेवलं नाही. दहा तासांनी पाहिलं, तर पहिल्या गटातले ८ पूर्ण बरे झाले होते, दुसऱ्यातले ३२. हे २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलं गेलं. महाडसारख्या तालुक्याच्या गावातल्या खासगी दवाखान्याचं हे काम. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्या घरातला प्रश्न. यावर बोललं की कुणीतरी विचारतं, "म्हणजे सर, दम करणं चुकीचं?" सहाबींनी दंश झालेल्या माणसावर सूरह फातिहा पढल्याची हदीस प्रसिद्ध आहे, ती मी नाकारत नाही. पण हदीसमध्येच आणखी एक प्रसंग येतो. रसूलुल्लाह (सल्ल.) यांना नमाजमध्ये विंचू चावला, तेव्हा त्यांनी पाणी आणि मीठ मागवलं, दंशाच्या जागी लावलं आणि पढतही राहिले. त्या काळी हाताशी असलेलं औषध आणि दुआ, दोन्ही एकत्र. एकासाठी दुसरं थांबवलं नाही. आपण मात्र पढण्यासाठी माणूस शोधण्यात, तो नसला तर दुसऱ्या मोहल्ल्यात जाण्यात जे दोन-तीन तास घालवतो, तेच गोळीचे तास असतात. पेण आणि रोह्यात सरकारी रुग्णालयं आहेत, महामार्ग आहे, रात्री-अपरात्री रिक्षा मिळते. दुआ रिक्षात बसूनही करता येते. नानी आज हयात असत्या तर त्यांना हेच म्हटलं असतं, आणि मला वाटतं, त्यांनी चादर घेतली असती आणि पढत पढत सोबत निघाल्या असत्या.

वारसा म्हणजे काय, याचाही विचार यात आहे. अल-राझी आपले, असं आपण अभिमानाने म्हणतो. पण ज्याने मरिजाजवळ बसून लिहिलं, तुलना केली, चुकीचा उपाय टाकून दिला, त्याचा वारस नावावरून ठरत नाही, कामावरून ठरतो. त्या हिशेबाने देहेडचा हा शेतकऱ्याचा मुलगा बगदादच्या हकिमाचा खरा शागिर्द आहे. आपल्या मोहल्ल्यांतून आता मुली नर्सिंगला जातायत, मुलं फार्मसी करतायत, काही डॉक्टर होऊन तालुक्यातच बसलेत. त्यांच्याकडे मोठी यंत्रं नाहीत, पण बिरवाडीतही ती नव्हती. सापाचे दंश, शेतातली कीटकनाशकं, मासेमारीतल्या जखमा, कारखान्यांच्या हवेतले आजार, पाहण्यासारखं आणि लिहून ठेवण्यासारखं आपल्या दोन तालुक्यांतही भरपूर आहे. त्यासाठी आधी एक वही लागते, आणि तिच्यात जे बरे झाले त्यांच्याबरोबर जे गेले त्यांचीही नोंद लागते.